आमच्या भागातले साल्वाडोरन: कसे आले, कसे रुजले?

पोटोमॅककाठ

मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. निमित्त झालं मंडळाच्या मीटिंगचं. गणपतीच्या जेवणाची ऑर्डर कुठे द्यायची यावर खल चालला होता, तेवढ्यात एकजण म्हणाला, "तिथे नको, आत सगळे मेक्सिकन स्वैपाक करतात." वॉशिंग्टनच्या आसपासच्या भारतीय हॉटेलांच्या भटारखान्यात कधी डोकावला असाल तर ठाऊक असेल, तंदूरवर आणि कढईवर कितीतरी ठिकाणी हीच मंडळी असतात. वर्षानुवर्षं आपण बोटं चाटत खातोय ते त्यांच्याच हातचं. आणि बहुतेक जण मेक्सिकन नसून मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरचे असतात.

अमेरिकेत बऱ्याच शहरांत स्पॅनिश बोलणाऱ्यांत मेक्सिकन जास्त. वॉशिंग्टन परिसरात मात्र साल्वाडोरन सर्वांत जास्त. असं का, याचा शोध घेतला तर मुळाशी बायका निघाल्या. १९६०-७०च्या दशकांत इथले मुत्सद्दी, वर्ल्ड बँकेचे आणि परदेशी मदत खात्याचे अधिकारी मध्य अमेरिकेतली नेमणूक संपवून परतताना घरकामाच्या, मुलं सांभाळणाऱ्या बाईला सोबत घेऊन यायचे. ती स्थिरावली की बहिणीला बोलवायची, मग भाचा, मग भाच्याचा मित्र. पुरुष मागाहून आले. नेहमीच्या स्थलांतराच्या गोष्टीत पुरुष पुढे आणि बायको मागे असते, इथे उलटं.

आणि आले ते देशभरातून सारखे नाही, तर ठरावीक गावांतून. पूर्वेकडच्या ला उनिओन प्रांतातलं इंतिपुका हे गाव तर वॉशिंग्टनला गेलेल्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. तिथे इथल्या पैशांतून बांधलेली पक्की घरं आहेत, त्यातली बरीच वर्षभर कुलूपबंद. शेजारच्या सान मिगेल प्रांतातल्या चिरिलाग्वाहून आलेले अलेक्झांड्रियात अर्लांड्रिया भागातल्या अपार्टमेंटांमध्ये उतरले, आणि त्या वस्तीलाच लोक चिरिलाग्वा म्हणायला लागले. आता शहराच्या नियोजन आराखड्यातही अर्लांड्रिया-चिरिलाग्वा असं जोडनाव आहे.

१९८०ला यादवी पेटली तेव्हा पळणाऱ्यांना पत्ता आधीच माहीत होता, तो असा. दशकभरात वॉशिंग्टनच्या माउंट प्लेझंट, अॅडम्स मॉर्गन या भागांत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहायला लागली. शहराला त्यांची दखल घ्यावी लागली ती ५ मे १९९१ला. माउंट प्लेझंटमध्ये एका महिला पोलिसाने एका साल्वाडोरन माणसावर गोळी झाडली आणि पुढे दोन-तीन दिवस दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. त्यानंतरच्या चौकश्यांमध्ये निघालं काय, तर पोलिसांत स्पॅनिश येणारे नगण्य, आणि सरकारी कचेऱ्यांत तर या लोकांची नोंदच धड नव्हती.

पुढे अनेक जण व्हीटन, लँग्ली पार्क, हर्नडन, मनॅससकडे सरकले. म्हणजे आपल्या आजूबाजूला. तुमचे अनुभव लिहा, माहितीत भर घाला.

सुपारीचं_खांड

वाचतेय. बेसिक प्रश्न: केवढा आहे हा देश?

पोटोमॅककाठ

साधारण २१,००० चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्याच्या दीडपटही नाही. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, आणि अमेरिकेत साल्वाडोरन वंशाचे वीस लाखांच्या वर.

खारेवारे

चांगला धागा. पण गोष्ट १९८०ला सुरू केलीत तर अर्धीच कळेल.

कॉफी हे त्या देशाचं सोनं आणि तेच दुखणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावकीच्या सामाईक जमिनी कायदा करून मोडीत काढल्या आणि त्या मूठभर घराण्यांच्या मळ्यांत गेल्या. १९३२ला शेतमजूर आणि मूळ रहिवासी उठले, तेव्हा लष्कराने हजारोंची कत्तल केली. जमीन नाही, बोलायची सोय नाही, म्हणून लोक आधी शेजारच्या होंडुरासला जायला लागले. १९६९पर्यंत तिथे तीन लाखांच्या आसपास साल्वाडोरन होते. होंडुरासने जमीनसुधारणेच्या नावाखाली त्यांना हुसकावलं आणि जुलै १९६९मध्ये दोन्ही देशांत चार दिवसांचं युद्ध झालं. वर्ल्डकप पात्रता सामन्यांच्या हाणामाऱ्यांमुळे जग त्याला 'फुटबॉल युद्ध' म्हणतं. भांडण चेंडूचं नव्हतंच, जमिनीचं होतं. हुसकावलेले परत आले, ते आधीच दाटीवाटीच्या देशात. पुढच्या दहा वर्षांत काय शिजलं असेल याचा अंदाज करा.

२४ मार्च १९८०ला आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली. आदल्याच दिवशी त्यांनी सैनिकांना जाहीरपणे सांगितलं होतं की आपल्याच लोकांना मारू नका. डिसेंबर १९८१मध्ये एल मोसोते गावात लष्कराच्या अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेल्या तुकडीने शेकडो लोक मारले, त्यात लहान मुलं किती तरी. जानेवारी १९९२च्या तहापर्यंत सुमारे ७५,००० माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाकडे आलेल्या तक्रारींपैकी ८५ टक्के सरकारी फौजा आणि त्यांच्याशी संबंधित टोळ्यांविरुद्ध होत्या.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). त्या सरकारला पैसा आणि शस्त्रं अमेरिकेची. तिथून पळालेला माणूस अमेरिकेत आश्रय मागायला आला, तर त्याला आश्रय देणं म्हणजे आपलं मित्रसरकार लोकांना मारतंय याची कबुली. म्हणून ऐंशीच्या दशकात साल्वाडोरन लोकांचे आश्रयाचे अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिलं. 'तुम्ही पोटासाठी आलात, जिवासाठी नाही' असं त्यांना सांगितलं गेलं. मार्च १९८२मध्ये रोमेरोंच्या दुसऱ्या स्मृतिदिनी ॲरिझोनातल्या टूसॉनच्या एका चर्चने उघड जाहीर केलं की आम्ही यांना लपवणार, आणि देशभर शेकडो चर्चेस आणि काही सिनेगॉग त्यात उतरले. चर्चवाल्यांनी सरकारवर खटला भरला. १९९१ला तडजोड होऊन सरकारला फेटाळलेले हजारो अर्ज पुन्हा ऐकायचं मान्य करावं लागलं.

१९९७च्या इमिग्रेशन कायद्यातही दुजाभाव आहेच. निकाराग्वाच्या लोकांना सरसकट ग्रीनकार्डाची वाट, कारण ते डाव्या सरकारपासून पळाले होते. साल्वाडोर-ग्वाटेमालावाल्यांची मात्र एकेकाची छाननी. बाँब दोघांवरही पडले होते.

विंगेतला

हे सगळं ठीक. पण एक बोलू का? आपण इथे एच-वन व्हिसावर येतो, टॅक्स भरतो, ग्रीनकार्डच्या रांगेत पोरं कॉलेजला जाईपर्यंत उभे राहतो. आणि सीमा ओलांडून आलेल्यांबद्दल सहानुभूती पण आपणच दाखवायची? मला कोणाचा राग नाही, पण नियम सगळ्यांना सारखे नकोत का?

पोटोमॅककाठ

विंगेतला, राग समजू शकतो. मी पण त्याच रांगेत होतो. पण साल्वाडोरन लोकांपैकी दोनेक लाख ज्या कागदावर इथे राहतात तो कागद काय आहे ते ऐका, मग ठरवा.

१३ जानेवारी आणि १३ फेब्रुवारी २००१ला तिथे लागोपाठ दोन मोठे भूकंप झाले. अमेरिकेने आधीच इथे असलेल्या साल्वाडोरन लोकांना टीपीएस, म्हणजे तात्पुरतं संरक्षण दिलं. अट अशी, की १३ फेब्रुवारी २००१पासून सलग इथे राहिलेले हवेत. त्यानंतर आलेल्याला ते मिळत नाही. एक गंभीर गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे नावावर लागले तर संपलं. मुदत साधारण दीड वर्षाची. दर वेळी नवा अर्ज, नवी फी, नव्याने बोटांचे ठसे. काम करायचा अधिकृत परवाना मिळतो, सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, टॅक्स कापला जातो. ग्रीनकार्ड मिळत नाही. एकाने सुप्रीम कोर्टापर्यंत धडक मारली, जून २०२१मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की मुळात रीतसर प्रवेश करून आला नसाल तर टीपीएस आहे म्हणून ग्रीनकार्डला पात्र ठरत नाही. म्हणजे रांगेत उभं राहायला त्यांना रांगच नाही.

जानेवारी २०१८मध्ये ट्रम्प सरकारने ते बंद करायचं जाहीर केलं, कोर्टांनी अडवलं. जानेवारी २०२५मध्ये जाता जाता बायडन सरकारने ९ सप्टेंबर २०२६पर्यंत मुदत वाढवली. २००१ला 'तात्पुरतं' दिलेलं हे.

आमच्या मुलाला सांभाळायला एक बाई यायच्या, त्यांच्याकडे हा कागद होता. मुलगा त्यांना तिया, म्हणजे मावशी म्हणायचा. एकदा नूतनीकरणाचा फॉर्म भरायला मदत हवी म्हणून त्या आपली फाइल घेऊन आल्या. ती कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची फाइल असते ना, दोरीने बांधायची, तशी. आत पहिल्या भाड्याच्या पावतीपासून सगळं: विजेची बिलं, पगाराच्या चिठ्ठ्या, पोरांच्या लशींची कार्डं, शाळेची पत्रं, पैसे पाठवल्याच्या पावत्या. मुदत संपलेली सगळी वर्क परमिटं रबरबँड लावून, जुनं खाली, नवं वर. प्रत्येक कार्डावर फोटो. खालून वर चाळत गेलं की काळ्याभोर केसांची तरुणी हळूहळू पिकत जाते. मी म्हटलं, ही जुनी कशाला ठेवायची? तर म्हणाल्या, कधी कोण काय मागेल सांगता येत नाही, 'सलग' इथे होतो हे आपणच दाखवायचं असतं. त्यांनी एवढ्यात टाउनहाउस घेतलं, तीस वर्षांच्या कर्जावर. दीड वर्षाच्या परवान्यावर.

विंगेतला

कर्ज मिळतं? हे मला माहीत नव्हतं. बाकी माझा मुद्दा सरकारला आहे, त्या बाईंना नाही.

टाकळकर_एलए

लॉस एंजेलिसहून नोंद. सर्वांत मोठी साल्वाडोरन वस्ती आमच्याकडे. पिको-युनियन, वेस्टलेक, मॅकआर्थर पार्क. व्हर्मॉन्ट अॅव्हेन्यूच्या एका पट्ट्याला २०१२ला शहराने एल साल्वाडोर कॉरिडॉर असं नाव दिलं. फुटपाथवर चिरलेली कैरी, पुपुसा (आत चीज, राजमा भरलेली मक्याची जाड भाकरी), फुटबॉलचे निळे शर्ट.

इथली गोष्ट वॉशिंग्टनपेक्षा कडू आहे. इथे आधीपासून मेक्सिकनांचं राज्य. युद्धातून आलेली पोरं शाळेत मार खायची. त्यातल्या काहींनी स्वतःची टोळी काढली, तीच पुढे एमएस-१३. टीव्हीवर ती मध्य अमेरिकेतून आलेली कीड म्हणून दाखवतात. जन्म लॉस एंजेलिसचा, ऐंशीच्या दशकातला. युद्ध संपल्यावर, आणि १९९६च्या इमिग्रेशन कायद्यानंतर तर धडाक्याने, तुरुंगातल्या पोरांना एल साल्वाडोरला परत पाठवलं. त्यातल्या कितीतरी जणांना तो देश आठवतही नव्हता, नीट स्पॅनिश येत नव्हतं. नुकत्याच युद्धातून उठलेल्या, पोलीस नव्याने उभे राहत असलेल्या देशात ही पोरं उतरली. वीस वर्षांनी त्याच टोळ्यांच्या भीतीने तिथली मुलं इकडे पळत आली.

पण फक्त टोळ्यांवर थांबू नका. १९९०ला सेंच्युरी सिटीच्या उंच इमारती रात्री झाडणाऱ्या सफाई कामगारांनी संप केला. त्यात मध्य अमेरिकेतले खूप, आणि साल्वाडोरन बरेच. १५ जूनला पोलिसांनी मोर्चावर लाठ्या चालवल्या, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, आणि काही दिवसांतच कंत्राटदाराला युनियन मान्य करावी लागली. आपल्या देशात युनियनचं नाव काढलं तर मृत्यूपथकं घरी यायची, तिथे लाठी म्हणजे काय! असं एका म्हाताऱ्या कामगाराने मला ऐकवलं होतं. आमच्या ऑफिसची बिल्डिंग तोच झाडायचा.

यारा_काठची

मेलबर्नहून. इथेही साल्वाडोरन आहेत, ऐकून आश्चर्य वाटेल. ऑस्ट्रेलियाने ऐंशीच्या दशकात मानवतावादी योजनेत त्यांना आणलं. विमानातून उतरले तेच कायमचे रहिवासी म्हणून. सरकारी होस्टेलात राहायची सोय, इंग्रजीचे वर्ग, मग कारखान्यात नोकरी. डँडेनाँगकडे बरीच कुटुंबं आहेत.

त्याच गावातली, त्याच युद्धातून पळालेली माणसं. एक भाऊ कॅलिफोर्नियात, एक इथे. इथल्याचा प्रश्न पोरं स्पॅनिश बोलत नाहीत आणि आई-वडिलांना भेटायला तीस तास प्रवास, हा. तिथल्याचा प्रश्न सप्टेंबर २०२६. विंगेतला यांनी नियमांबद्दल विचारलं म्हणून लिहिलं.

पाटीपेन्सिल

मी मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत एका शाळेत इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गावर मदतनीस आहे. शाळेचं नाव अर्थातच देत नाही. मला कागदपत्रांचं फार कळत नाही, पण मुलांचं कळतं.

इथे आई येते एकटी. मूल दोन-तीन वर्षांचं असताना आजीकडे ठेवून. दोन वर्षांत नेते म्हणते आणि दहा होतात, कारण टीपीएस असो वा नसो, मुलाला रीतसर बोलवायची सोयच नसते. दर महिन्याला पैसे, वाढदिवसाला बूट, रविवारी फोन. मग गावात टोळीवाले मुलाला हेरतात किंवा आजी थकते, आणि आई कर्ज काढून कोयोटेला, म्हणजे चोरून सीमा पार करून देणाऱ्या दलालाला, पैसे देते. २०१४ला अशी एकटी मुलं इतकी आली की आमच्याकडे वर्ग पुरेनात.

सगळ्यांना वाटतं की आई-मुलाची भेट झाली, संपलं. खरी गोष्ट तिथे सुरू होते. चौदा वर्षांचा मुलगा एका अशा बाईच्या घरी येतो जिचा फक्त आवाज त्याला माहीत आहे. तिथे एक सावत्र वडील, दोन इथे जन्मलेली भावंडं, जी आपसात इंग्रजीत बोलतात आणि याला पाहुणा समजतात. तो 'आई' आजीला म्हणतो. हिला नावाने हाक मारतो, किंवा मारतच नाही. हिला वाटतं मी याच्यासाठी हाडं झिजवली, याला वाटतं ही मला टाकून गेली. दोघांचंही बरोबर.

एक मुलगा रोज पहिल्या तासाला झोपायचा. शिक्षिका चिडायच्या. मी स्पॅनिशमध्ये विचारलं तर कळलं, रात्री मामाबरोबर ऑफिसं साफ करायला जातो, कोयोटेचं कर्ज फिटेपर्यंत. वर इमिग्रेशन कोर्टाची तारीख. तिथे सरकारी वकील मिळत नाही, लहान मुलालाही नाही. पालकसभेला आई यायची ती कामाच्या गणवेशात, बसची वेळ बघत, आणि धाकटी सात वर्षांची मुलगी दुभाष्याचं काम करायची. भावाबद्दलच्या तक्रारी ती आईला निम्म्याच सांगायची, हे मला ऐकू येत होतं. मी गप्प बसले.

त्यातली पुष्कळ मुलं निभावून नेतात हेही लिहायला हवं. फुटबॉल फार उपयोगी पडतो. रविवारी मैदानावर सगळं गाव भेटतं, कडेला बाया पुपुसा विकतात, कामं मिळतात, लग्नं जुळतात.

खारेवारे

पाटीपेन्सिल, फार छान लिहिलंत.

फुटबॉलवरून: १९९६ला अमेरिकन लीग सुरू झाली तेव्हा वॉशिंग्टनच्या डीसी युनायटेडचा गोल करणारा हुकमी माणूस राउल दिआस आर्से, सान मिगेलचा. स्टेडियम भरायचं ते अर्धं त्याच्यासाठी.

उकडीचा

हे वाचताना आमच्या कोकणातले चाकरमानी आणि मनीऑर्डरवर चालणारी घरं आठवली.

पोटोमॅककाठ

उकडीचा, आठवणारच. पण चाकरमानी गणपतीला घरी जातो. टीपीएसवाल्याला देशाबाहेर पाय ठेवायला आधी परवानगी काढावी लागते, आणि कागद नसलेला तर गेला की गेलाच. आई वारली तर अंत्यविधी फोनवर पाहतात.

त्यामुळे माणसं जात नाहीत, वस्तू जातात. गावोगावचे ठरलेले नेणारे-आणणारे असतात, त्यांचा हाच धंदा. ज्यांच्याकडे व्हिसा किंवा सिटिझनशिप आहे ते महिन्यातून एक-दोन चकरा मारतात. येताना कडक खारं चीज, भोपळ्याच्या बिया, औषधं, आजीने भाजलेला गोड चीज केक. जाताना बूट, फोन, व्हिटॅमिनच्या बाटल्या, रोख डॉलर. पोयो काम्पेरो ही मूळची ग्वाटेमालाची, पण तिकडेही लाडकी तळलेल्या चिकनची साखळी. सान साल्वाडोरहून येणाऱ्या विमानात तिची खोकी इतकी असायची की अख्खं केबिन दरवळायचं. २००२ला कंपनीनेच लॉस एंजेलिसात दुकान काढलं.

पैशांचं म्हणाल तर वर्षाला आठ अब्ज डॉलरहून अधिक जातात, देशाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त. २००१पासून तर त्यांचं चलनच डॉलर आहे. सान साल्वाडोरमध्ये परदेशी गेलेल्या भावांचं स्मारक आहे, विमानतळाकडून येणाऱ्या रस्त्यावर. भावांचं! सुरुवात केली बहिणींनी.

सुपारीचं_खांड

+१ शेवटच्या वाक्याला.

टाकळकर_एलए

एल साल्वाडोरचा अध्यक्ष बुकेले, त्याच्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मार्च २०२२पासून तिथे आणीबाणी आहे. टोळ्या मोडल्या. २०१५ला लाखामागे शंभरावर खून व्हायचे, आता गावात रात्री फिरता येतं. इथले साल्वाडोरन त्याच्यावर फिदा आहेत. फेब्रुवारी २०२४ला परदेशातल्यांनी त्याला जवळपास एकगठ्ठा मतं दिली. आमच्या मेकॅनिककडे त्याचा फोटो आहे, रोमेरोंच्या शेजारी.

खारेवारे

रोमेरोंच्या शेजारी! ते ज्यासाठी गेले ते काय होतं? खटल्याशिवाय उचललेल्या माणसांसाठी बोलणं. ऐंशी हजारांवर लोक तुरुंगात आहेत, त्यातले कित्येक निव्वळ संशयावर.

टाकळकर_एलए

साहेब, ज्याच्या पुतण्याला टोळीने मारलं त्याला हे सांगून बघा.

पाटीपेन्सिल

दोन्ही एकाच घरात असतं. माझ्या एका विद्यार्थ्याचा चुलता आत आहे, आणि मते देणारी त्याची आईच.

शिवाय आता तो तुरुंग इकडेही पोहोचलाय. मार्च २०२५मध्ये मेरीलँडमध्ये राहणाऱ्या एका साल्वाडोरन कामगाराला, परत पाठवू नये असा कोर्टाचा आदेश असताना, तिथे नेऊन टाकलं. सरकारने कोर्टात चूक मान्य केली, सुप्रीम कोर्टाने आणायची तजवीज करा म्हटलं, तरी जून उजाडला. त्या काळात आमच्या शाळेत पालकसभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

उकडीचा

अवांतर: पुपुसा घरी करून पाहिल्या. कडा फाटल्या आणि चीज तव्यावर. काय चुकलं?

पोटोमॅककाठ

पीठ कुठलं घेतलंत? साधं मक्याचं पीठ चालत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेलं 'मसा' पीठ घ्या, लॅटिन दुकानात मिळतं. कोमट पाण्यात सैलसर मळून झाकून ठेवा. गोळ्याची वाटी करून चीज आणि घोटलेला राजमा कमी भरा, तोंड नीट मिटवा, आणि तेल-पाण्याचा हात लावून तळव्यांमध्ये फिरवत थापा, पोळपाटावर नाही. तवा मध्यम. थोडं चीज बाहेर येऊन करपतं ते तियांच्या मते हवंच. वरून आंबवलेल्या कोबीचं कुर्तिदो, ते आदल्या दिवशी घालून ठेवा. सारणात घालायच्या लोरोको वेलीच्या कळ्या फ्रोजनमध्ये मिळतात, तुमच्याकडचं माहीत नाही, व्हीटनला कुठेही.